मातीखालचे साक्षीदार
रहस्यकथा, पुरातत्त्व आणि आपला इतिहास

आमच्या वस्तीतील विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे काही खंड, महात्मा फुल्यांचे चरित्र आणि कोणी कोणी दान दिलेली जुनी पुस्तके आहेत. वाचनालय म्हणावे एवढे मोठे नाही, पण किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मुले मला ‘वाचनालयवाले काका’ म्हणतात. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर नववीत शिकणारी एक मुलगी पुस्तक परत द्यायला आली. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात. ती आजीजवळ राहून शाळा शिकते. पुस्तक होते एका परदेशी रहस्यकादंबरीचा अनुवाद.

मला म्हणाली, “काका, ह्यातला हिरो पोलीस न्हाई. जुनी मडकी उकरून काढणारा मास्तर हाय. आन् खुनाचा छडा त्योच लावतो!”

मी म्हटले, “मग चांगलेच आहे की.”

“चांगलं हाय. पण हे समदं मिसर देशातलं. आपल्याकडं असलं काही घडलंच न्हाई का?”

मुलीने प्रश्न सहज विचारला, पण मला तो रात्रभर पुरला. कारण आपल्या पोरांना शाळेत, बाजारात, नोकरीत कोणी ना कोणी ऐकवतोच की, तुमचा इतिहास छप्पन सालापासूनचा. त्याआधी तुम्ही कोण होता? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी मातीखालून काढले, त्यांची कथा कोणत्याही रहस्यकादंबरीपेक्षा कमी नाही. ती आपल्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुप्तहेर आणि उत्खनन

आपल्याकडे रहस्यकथा वाचणारांची कमी कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू, झुंजार आणि काळापहाड, नंतर गुरुनाथ नाईकांच्या कथा, यांवर मागच्या दोन पिढ्या रात्री जागल्या. बंगालीत सत्यजित राय यांचा फेलूदा तर मूर्तिचोरांच्या मागावर थेट आपल्या वेरूळच्या लेण्यांत येऊन पोहोचतो.

इंग्रजीत पुरातत्त्वज्ञ गुप्तहेराची वेगळी परंपराच आहे. अगाथा ख्रिस्ती या जगप्रसिद्ध लेखिकेने १९३० साली मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केले. नवऱ्याबरोबर ती इराक-सीरियातील उत्खननांवर राहत असे. त्यातून १९३६ साली ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ ही उत्खननाच्या छावणीतील खुनाची कादंबरी आली. पुढे तिने प्राचीन इजिप्तमध्येच घडणारी एक खूनकथाही लिहिली. एलिझाबेथ पीटर्स या नावाने लिहिणाऱ्या बाईंनी तर आधी शिकागो विद्यापीठातून इजिप्तच्या प्राचीन विद्येत डॉक्टरेट मिळवली आणि मग १९७५ पासून अमेलिया पीबॉडी या उत्खनन करणाऱ्या बाईच्या रहस्यकथा लिहिल्या.

ख्रिस्तीबाईंच्या ‘डेथ ऑन द नाइल’ या १९३७ च्या कादंबरीत त्यांचा गुप्तहेर पॉयरो आपली पद्धत समजावून सांगतो. उत्खननात वस्तू सापडली की भोवतालची सुटी माती काळजीपूर्वक दूर करतात, तेव्हा ती वस्तू स्वच्छ दिसते. गुन्ह्याच्या तपासातही भोवतालचा पसारा असाच बाजूला करायचा असतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय. म्हणजे गुप्तहेर शिकला तो पुरातत्त्वज्ञाकडून!

पहिला धागा : दान

सम्राट अशोकाने शिळांवर, स्तंभांवर धम्म कोरून ठेवला. पण पुढे ती लिपीच लोक विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दोन अशोकस्तंभ दिल्लीत आणवले. त्यावर काय लिहिले आहे ते वाचण्यासाठी पंडित बोलावले. एकालाही अक्षर लागले नाही. घरात बापाचे मृत्युपत्र आहे आणि वाचता येणारा कोणी नाही, अशी या देशाची अवस्था होती.

ते कुलूप १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरी करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप याने उघडले. त्याच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांच्या नकला आल्या होत्या. त्याच्या ध्यानात आले की, लेख निरनिराळे आहेत, पण पुष्कळ लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबाने होतो. त्याने विचार केला : धर्मस्थळाच्या दगडांवर सामान्य माणसे काय कोरतील? ‘अमक्याचे दान’ हेच कोरतील! मग ती अक्षरे ‘दानं’ असली पाहिजेत. द सापडला, न सापडला, आणि पुढे सगळी ब्राह्मी लिपी उलगडली.

आपण विहारात पंखा दिला, सतरंजी दिली की त्यावर नाव घालतो. ते पाहून कोणी हसतात. हसू द्या! दोन हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसांनी दानावर नावे घातली म्हणून तर अशोक पुन्हा बोलता झाला.

आणि ही माणसे कोण होती? राजेरजवाडेच नव्हते. कार्ल्याच्या लेण्यात दरवाजाचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणारांच्या म्हणजे आजच्या भाषेत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची पेढी. ज्यांच्या हातचे सूप चालले पण सावली चालली नाही असे दिवस पुढे आले, त्याच बुरुडांच्या पेढीवर एके काळी लोक विश्वासाने पैसा ठेवत होते.

मी कारकून माणूस आहे, वाणिज्य शाखेचा. त्यामुळे मला सगळ्यांत आवडतो तो नाशिकच्या लेण्यांतील नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. आता हिशोब करून पाहा. २,००० ला महिना २०, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. जमा-खर्च पैशाला पैसा जुळतो! एवढा चोख हिशोब डोंगरात कोरलेला असताना लोक त्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणत राहिले. रहस्यकथेत गुन्हेगार वेषांतर करतो. इथे पुरावाच वेषांतर करून बसला होता.

दुसरा धागा : राजाचे नाव काय?

लिपी लागली, पण अडचण उभी राहिली. लेखांत राजाचे नाव ‘देवानंपिय पियदसी’ असे येत होते. हा कोण? त्याच वर्षी श्रीलंकेतील जॉर्ज टर्नर या अधिकाऱ्याने पाली ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले की, पियदसी म्हणजेच अशोक. श्रीलंकेच्या भिक्षूंनी ग्रंथ जपले नसते तर हा दुवा जुळला नसता. तरीही दगडावर ‘अशोक’ हे नाव कोठे आहे, असा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर १९१५ साली मिळाले, आणि तेही आपल्याच निजामी मुलखात. त्या वेळी आपला बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील रायचूर जिल्ह्यात मस्की गावी सोन्याच्या खाणीच्या कामावरील बीडन नावाच्या इंजिनिअरला शिलालेख दिसला. त्यात ‘देवानंपिय’ बरोबर ‘असोक’ हे नाव स्पष्ट कोरलेले होते. शोधत होता सोने, हाती लागला सम्राट!

पुढचे प्रकरण आणखी विलक्षण आहे. गुलबर्गा जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी सन्नती गाव आहे. तेथील चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत १९८६ साली कोसळले आणि मूर्ती भंगली. मलबा उपसताना मूर्तीच्या खालची बैठक उघडी पडली. ती होती सम्राट अशोकाच्या लेखाची शिळा! मूर्ती बसविण्यासाठी त्या शिळेत मधोमध भोक पाडलेले होते. त्यानंतर जवळच कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व खात्याने १९९० च्या दशकात उत्खनन केले. तेथे मोठा स्तूप सापडला आणि एका शिल्पपट्टावर राजा, शेजारी राणी आणि वर ब्राह्मी अक्षरांत ‘राजा अशोक’ असे नाव मिळाले. ज्या भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे, त्याच भीमेच्या काठी खाली अशोकाचे नाव दगडावर वाट पाहत होते.

तिसरा धागा : बुरूड राजाचा कोट

आता महाराष्ट्रातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण सांगतो. मुंबईजवळ नालासोपारा आहे. प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचे भरभराटलेले बंदर होते. तेथे मातीचा एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत.

या उंचवट्याकडे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे लक्ष गेले. हे जुनागढचे. लहानपणी गिरनारच्या पायथ्याची अशोकाची शिळा पाहून त्यांनी प्रिन्सेपच्या तक्त्यावरून ब्राह्मी शिकून घेतली. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे राहून त्यांनी देशभर शिलालेख शोधले. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते, पण नाणेघाट आणि नाशिकचे लेख वाचणाऱ्या या माणसाला पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. इंग्रजी आले नाही म्हणून मागे राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी जेम्स कॅम्पबेल या गॅझेटियरकार अधिकाऱ्याच्या साथीने तो उंचवटा खणला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मधोमध दगडाची गोल पेटी होती. झाकण काढले तर आत आठ छोट्या कांस्यमूर्ती गोलाकार मांडलेल्या. सात मानुषी बुद्ध आणि आठवे मैत्रेय. मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा. त्यात दगडाचा. त्यात स्फटिकाचा. आणि त्यात सोन्याचा. सोबत सोन्याची जवळपास तीनशे फुले.

एकात एक अशा पाच डब्या उघडल्यावर त्या सोन्याच्या डबीत काय असावे? हिरा? माणिक? त्यात होत्या मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या!

भगवानलालांचे मत असे की, या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या म्हणून श्रद्धेने ठेवलेल्या आहेत. वाचकहो, क्षणभर थांबा. सोन्यामध्ये सोने सगळेच ठेवतात. येथे सोन्याने मातीची राखण केली. ज्या पात्रात घरोघरचे अन्न पडत होते, ज्यात जात पाहिली जात नव्हती, त्या पात्राची खापरी आपल्या पूर्वजांना सोन्याहून मोलाची वाटली. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

पण प्रकरण येथे संपत नाही. स्तूप कधीचा? साठ्यात चांदीचे एक नाणे मिळाले. ते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. पण त्या आठ कांस्यमूर्तींची घडण तपासून अभ्यासकांनी सांगितले की, त्या आठव्या-नवव्या शतकातील आहेत. एकाच पेटीत दोन काळ कसे? आमच्या कचेरीत जुन्या फाईलमध्ये नव्या शाईची नोंद दिसली की आम्ही समजतो, फाईल मध्ये कधीतरी उघडली गेली आहे. तसेच हे. कित्येक शतकांनंतर कोणीतरी तो स्तूप उघडून दुरुस्त केला, भक्तिभावाने मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. म्हणजे आठव्या-नवव्या शतकातही सोपाऱ्यात स्तूपाची काळजी घेणारी माणसे होती. बुद्धधम्म महाराष्ट्रातून एका रात्रीत नाहीसा झाला नाही, याचा हा साक्षीदार आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. १९५६! ज्या वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी. याला मी चमत्कार म्हणणार नाही, कारण आपण चमत्कार मानत नाही. पण मन भरून येते, हे खरे.

आणि सोपाऱ्याचेच भिक्षू पूर्ण. मज्झिम निकायात त्यांचा संवाद आहे. तिकडची माणसे तापट आहेत, शिव्या देतील तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. मारत तर नाहीत, असे मी म्हणेन, हे पूर्णांचे उत्तर. मारतील तर? शस्त्र तर चालवत नाहीत, असे म्हणेन. अशा तयारीने धम्म सांगायला निघालेला तो कार्यकर्ता होता. आपल्यातील जे कार्यकर्ते दोन टोमण्यांनी घरी बसतात त्यांनी पूर्णांची आठवण ठेवावी. त्यात मीही आलो.

जेव्हा तपासणाराच लबाड निघतो

प्रत्येक रहस्यकथेत एक असा असतो की ज्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. आपल्या कथेतही तो आहे. अलोइस फ्यूरर हा जर्मन गृहस्थ इंग्रज सरकारचा पुरातत्त्व अधिकारी होता. १८९६ साली लुंबिनी येथील अशोकस्तंभाचा लेख उजेडात आला त्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे. पण हाच माणूस बर्मी भिक्षू ऊ मा यांना बुद्धांचे अवशेष म्हणून बनावट वस्तू विकत होता! त्यातील एक दात तर घोड्याचा असावा असे निघाले. न झालेल्या शोधांचे वर्णनही त्याने अहवालात लिहिले. १८९८ साली त्याचे बिंग फुटले आणि त्याला नोकरी सोडावी लागली.

नुकसान किती झाले पाहा. लुंबिनीचा स्तंभलेख खरा आहे, अभ्यासक तो खरा मानतात. पण फ्यूररच्या लबाडीमुळे शंकेखोरांना कायमचे निमित्त मिळाले. १८९८ च्या जानेवारीत विल्यम पेपे या जमीनदाराने पिपरहवा येथे स्तूप खणून शाक्यांनी ठेवलेल्या बुद्धांच्या अस्थींचा उल्लेख असलेला करंडक शोधला, त्यावरही त्याच काळाची सावली पडली. पुढे १९७० च्या दशकात के. एम. श्रीवास्तव यांनी तेथेच आणखी खोल खणून जुने करंडक आणि कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा काढल्या, तेव्हा पुराव्याला बळ आले.

या पिपरहव्याच्या रत्नांपैकी काही भाग पेपे कुटुंबाकडे राहिला होता. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्याचा लिलाव ठरला. भारत सरकारने नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये ती रत्ने एका भारतीय उद्योगसमूहाच्या पैशाने खरेदी होऊन १२७ वर्षांनी मायदेशी आली. भगवंतांच्या अस्थींसोबत ठेवलेले दान बाजारात बोलीला लागावे, हे दुःख आहे. पण आवाज उठवला तर थांबते, हेही खरे.

बाबासाहेबांचा तपास

आता मला सांगा, या देशातील सर्वांत मोठा गुन्हा कोणता? कोट्यवधी माणसांना अस्पृश्य ठरवणे. गुन्हा केव्हा घडला? का घडला? याची फाईल कोणी उघडलीच नव्हती. ती बाबासाहेबांनी उघडली. १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ माझ्या मते आपल्या समाजाची सर्वांत मोठी तपासकथा आहे.

तपास कसा केला पाहा. आधी काळाच्या दोन सीमा आखल्या. मनूच्या काळी, इसवी सन २०० च्या सुमारास अस्पृश्यता दिसत नाही. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच्या वर्णनात ती दिसते. म्हणजे गुन्हा या दोहोंच्या मध्ये घडला. मग सीमा आणखी जवळ आणल्या. डॉ. दे. रा. भांडारकर या पुरातत्त्वज्ञाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा सांचीचा लेख आणि ४६५ चा ताम्रपट पुढे ठेवून दाखवले होते की, गुप्तांच्या काळात गोहत्या ब्राह्मणहत्येइतकी मोठी पातके मानली जाऊ लागली. तो पुरावा बाबासाहेबांनी घेतला आणि निष्कर्ष मांडला : इसवी सन ४०० च्या सुमारास अस्पृश्यता जन्माला आली. ब्राह्मणधर्म आणि बौद्धधम्म यांच्या संघर्षातून ती आली. गावाबाहेर राहणारी, मेलेल्या गाईचे मांस खाणारी, बुद्धाला न सोडणारी वाताहत झालेली माणसे तिचे बळी ठरली.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रस्तावनेत बाबासाहेब स्वतःच सांगतात की, काही ठिकाणी थेट पुरावा नाही, तेथे तर्काने सांधा जोडावा लागतो, आणि आपले म्हणणे हा अंतिम शब्द आहे असा त्यांचा दावा नाही. एवढा मोठा माणूस आणि एवढा प्रामाणिक! हेच खऱ्या तपासणाऱ्याचे लक्षण.

आपल्या दारातील पुरावा

हे सगळे दूरचे वाटेल. पण आपल्या शेजारी तेर आहे. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याचा उल्लेख केला आहे. तेथील लामतुरे संग्रहालयात मुलांना एकदा तरी न्यावे. इटलीतील पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली त्या राखेत हस्तिदंताची भारतीय बाहुली सापडली. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती पुढे आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाल्या. आज आपला माणूस कोयता घेऊन परमुलखात जातो. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या हातचे कसब सातासमुद्रापार जात असावे, असा हा धागा सांगतो.

तेरलाच विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. अनेक अभ्यासकांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह मानले. पण काही अभ्यासक म्हणतात, असा आकार इतर पंथांच्या मंदिरांनाही असे, तेव्हा आकार एवढाच पुरावा पुरत नाही. दोन्ही मते मुलांना सांगावीत. धागा वेगळा आणि पुरावा वेगळा.

यावर माझा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका खेड्यात विहिरीच्या कामात दगडी मूर्ती निघाली. मांडी घालून बसलेली, डोळे मिटलेले, कान लांब. आपली पोरे मोटारसायकलवर धावली. “बुद्ध निघाले!” तोवर दुसऱ्या आळीतील मंडळी शेंदराचा डबा घेऊन हजर. बाचाबाची सुरू झाली. मला बोलावणे आले. मी हात जोडून दोन्हीकडच्यांना म्हटले, आधी नुसते पाण्याने धुऊन बघू. धुतल्यावर दिसले की, अंगावर चीवराची रेघ नाही आणि छातीच्या मधोमध श्रीवत्साचे चिन्ह आहे. कॉलेजातील एका इतिहासाच्या प्राध्यापकांना फोटो दाखवला. त्यांनीही तेच सांगितले : जैन तीर्थंकर.

आपलीच पोरे माझ्यावर चिडली. एक जण म्हणाला, “तुम्ही आपल्या बाजूचे का त्यांच्या?” मला वाईट वाटले. मी म्हटले, “बाबा, आज खोटे बुद्ध उभे केले, तर उद्या खरे बुद्ध निघतील तेव्हा आपल्यावर कोण विश्वास ठेवील?” तो तेव्हा बोलला नाही. पण तहसील कचेरीत अर्ज देताना मोटारसायकलवर मला तोच घेऊन गेला.

म्हणून आपल्या वाचकांना काही सूचना. विहीर, पाया, शेततळे खणताना मूर्ती, नाणी, ताम्रपट किंवा कोरीव दगड निघाला तर रंग, तेल, शेंदूर लावू नये. तारेच्या घासणीने घासू नये. जागा न हलवता फोटो काढावा, किती खोल निघाले ते लिहून ठेवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व आवक क्रमांक अवश्य घ्यावा. लपवून ठेवणे किंवा भंगारवाल्याला, दलालाला विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठे म्हणजे ते आपल्याच नातवंडांचा पुरावा विकणे आहे.

१९३४ साली दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हौदाच्या पाण्यावरून अडवले गेले. जुन्या वास्तू पाहण्याचा हक्कही आपल्याला भांडून मिळाला आहे. तो वापरला पाहिजे. लग्नाच्या वऱ्हाडात जसे टेम्पो भरून जातो, तसे एका पौर्णिमेला तेरला जाऊ, अजिंठ्याला जाऊ.

हे सगळे मी पुढच्या रविवारी त्या मुलीला सांगितले. तिने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ‘दानं’, ‘मस्की’, ‘तेरा खापऱ्या’ असे लिहून घेतले. मग पेन थांबवून विचारले, “काका, आन् पुरावा न्हाईच सापडला तर?”

मी म्हटले, “तर सापडला नाही असे लिहायचे. आणि शोधायचे थांबायचे नाही.”

तिने तेही लिहून घेतले. यंदा आईवडील कारखान्यावर गेले आहेत. ती आजीजवळ आहे आणि दहावीचा अभ्यास करीत आहे. कपाटाची किल्ली आता तिच्याकडे दिली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!